कळ

हेबलथ्वेट म्हणाला, "बघा, हा सगळ्यात देखणा."
हॅलिफॅक्सच्या उतारावरचं त्याचं दुकान,
दारात ओल्या छत्र्यांची बादली,
काउंटरवर चष्म्याच्या डबीएवढा संगणक,
उघडला की आत चिमणीच्या दातांएवढ्या कळा.
दोन पेन्सिल सेल. झाकणावर मागच्या मालकाचा ओरखडा.

मला देखणा नको होता.
देखण्याने एकदा बुडवलंय मला.
गेल्या नोव्हेंबरात, माळावरच्या शेतघराबाहेर
गाडीत बसून मिस्टर अ‍ॅक्रॉइडच्या जखमेची तीन पानं लिहिली:
लांबी, रुंदी, वास, पट्टी कधी बदलली,
आणि खाली, माझ्यापुरत्या, चार ओळी.
सेल संपले. पडदा राखाडी.
जखम मी परत आत जाऊन मोजली.
चार ओळी मोजता येण्यासारख्या नव्हत्या.

म्हणून या खेपेला परीक्षा मी घेणार होते:
लिहिता लिहिता, वाक्याच्या मध्यावर,
सेल उपटायचे.
हेबलथ्वेटच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग खांदे उडवून म्हणाला,
"नर्स तुम्ही. काय कधी उपटायचं, तुम्हालाच ठाऊक."

पहिल्याकडे बारा वळणांची अक्षरं, तक्ते,
शुद्धलेखनाचा मास्तर,
टेंभेकर या माझ्या आडनावाखाली त्याची ठिपक्यांची रेघ.
सेल काढले, घातले.
कोरा. जशी मी कधी बोललेच नव्हते.

दुसरा नम्र.
"हरवलेलं परत आणू का?" असं विचारलंन्,
आणि आणलं ते निम्मे चौकोन, निम्मं माझं,
पाहुणीने आवरलेल्या स्वयंपाकघरासारखं,
असेल सगळं, पण सापडत नाही.

तिसऱ्याला काहीच येत नव्हतं.
ठळक नाही, तिरपं नाही, शब्द मोजणं नाही.
हेबलथ्वेट ओशाळला: "हे म्हणजे
पोस्टातलं पेन. साखळीला बांधलेलं."

मी लिहायला घेतलं. रोमन लिपीत, अर्थात.
या डबीत आपली अक्षरं कुठली!
ळ चा एल, ण चा एन,
वेशीवर अशी जकात भरायची
आणि उरलेली भाषा आत न्यायची.
तंद्री लागली, तेवढ्यात आठवलं. सेल उपटले.
घातले.
तर ती उभी काडी लुकलुकत होती
सोडली होती नेमकी तिथेच,
के, ए, एल यांच्या पुढ्यात.

काय लिहीत होते मी?
काल?
की काळ?
की कल, जो जमिनीला असतो, डोक्यालाही,
की कळ,
जी अ‍ॅक्रॉइडच्या पोटरीतून पहाटे तीनला निघते
आणि इथल्या फॉर्मवर तिला एकच रकाना,
दहापैकी किती.
ठणका नाही, ठसठस नाही, चमक नाही, सल नाही.
दहापैकी सहा.

मला आठवेना.
त्याने दिलं तेवढं राखलं होतं.
जे मीच वेशीवर टाकून आले
ते तो बिचारा कुठून आणणार?

"हाच," म्हटलं. पस्तीस पौंड, वर सेलांचं एक पाकीट.
हेबलथ्वेटने पडद्यावर डोळे बारीक केले,
"हे म्हणायचं कसं?"
"कळ."
"कल."
"नाही, जीभ मागे न्या. अजून. टाळूला लावा."
सत्तरीचा माणूस, तोंडात काही घोळवल्यासारखं करत राहिला,
तिसऱ्यांदा ल आणि र यांच्या मधलं काहीतरी निघालं,
त्याचाच त्याला अचंबा.
"अर्थ?"
मी एका बटणावर बोट ठेवलं: "ही."
मग त्याच्या उजव्या गुडघ्याकडे बोट केलं,
आल्यापासून तो स्टुलाला धरून जपत होता: "आणि ही."
तो हसला नाही. खाली बघून मान हलवली.
आणखी एक अर्थ सांगायचा होता, पण फेरीला उशीर होत होता.

गाडीत बसून डबी उघडली.
तीन अक्षरं तशीच.
पुसली नाहीत. त्यांच्याखाली लिहिलं:
अ‍ॅक्रॉइड, डावी पोटरी, सकाळी सव्वादहा.